परदेशी जोडीदार आणि नागरिकत्वाचा कायदा

परदेशी सून ही मराठी समाजाला अगदीच अपरिचित नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. १९४१ साली तेथील परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी डॉ. कोटणीसांचे निधन झाले. परंतु या विवाहाची आठवण दोन्ही देशांनी आपुलकीने जपली. त्या काळी असा विवाह ही अपूर्वाईची गोष्ट होती. आज शिक्षण, नोकरी आणि व्यवसाय यांच्या निमित्ताने तालुक्याच्या गावातील मुले-मुलीही जर्मनी, अमेरिका, जपान, आखाती देश अशा ठिकाणी जाऊन पोहोचली आहेत. त्यांतील काहींनी तेथेच जीवनसाथी निवडला आहे, तर काही जण परदेशी जोडीदारासह गावी परतले आहेत.

असे जोडपे गावात आले म्हणजे कौतुकाचे चार दिवस सरल्यावर व्यवहाराचे प्रश्न सुरू होतात. विवाहाची नोंद कोठे करावयाची? सुनेचे नाव मतदारयादीत घालावयाचे का? बाळाच्या दाखल्यावर काय लिहावयाचे? शाळेच्या नोंदवहीत राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय भरावयाचे? हे प्रश्न ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि स्थानिक अधिकारी यांच्याकडेच प्रथम येतात. त्यांनी सद्हेतूने दिलेला चुकीचा सल्लाही त्या कुटुंबाला महागात पडू शकतो. यास्तव या विषयाची ठळक माहिती येथे देत आहोत.

विवाहाने नागरिकत्व मिळत नाही

सर्वांत मोठा गैरसमज असा की, भारतीय पुरुषाशी लग्न लागले म्हणजे परदेशी स्त्री आपोआप भारतीय नागरिक होते. या समजुतीचे मूळ जुन्या कायद्यात आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या १९१४ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार पत्नीचे राष्ट्रीयत्व पतीच्या राष्ट्रीयत्वाबरोबर जात असे. ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश प्रजा मानली जाई आणि परक्याशी विवाह करणारी स्त्री परकी ठरे. स्त्रीच्या इच्छेला त्यात स्थान नव्हते. पुढे हे तत्त्व मागे पडले. विवाहाने किंवा घटस्फोटाने स्त्रीचे राष्ट्रीयत्व आपोआप बदलू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९५७ च्या करारात नमूद झाले.

भारताचा नागरिकत्व अधिनियम १९५५ सालचा आहे. त्यानुसार भारतीय नागरिकाशी विवाह केलेली परदेशी व्यक्ती नागरिकत्वासाठी अर्ज करण्यास पात्र ठरू शकते. ती आपोआप नागरिक होत नाही. मूळ अधिनियमात ही सवलत केवळ स्त्रियांना होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती पुरुषांनाही लागू झाली. म्हणजे आज परदेशी सून आणि परदेशी जावई या दोघांनाही एकच नियम आहे. त्याचप्रमाणे परदेशी नागरिकाशी विवाह केलेली भारतीय मुलगी त्या विवाहामुळे आपले नागरिकत्व गमावत नाही. तिने स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व स्वीकारले, तरच ते संपुष्टात येते.

पहिली पायरी : कायदेशीर विवाह

पुढील सर्व परवानग्यांचा पाया विवाहाचे प्रमाणपत्र हाच होय. म्हणून विवाह कोणत्या कायद्याखाली झाला, हे पाहणे अगत्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सातारा जिल्ह्यातील एका तरुणाने जर्मनीत ओळख झालेल्या ख्रिस्ती तरुणीशी गावी येऊन सप्तपदीने विवाह केला. घरच्यांच्या दृष्टीने लग्न झाले. परंतु हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा दोन हिंदूंमधील विवाहालाच लागू होतो. हिंदू व ख्रिस्ती व्यक्तींचा हिंदू विधीने झालेला विवाह या अधिनियमाखाली वैध ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आहे. अशा विवाहाची त्या कायद्याखाली कोठे नोंद करून घेतली, तरी नुसत्या नोंदीने त्याला वैधता येत नाही.

अशा जोडप्यांसाठी विशेष विवाह अधिनियम, १९५४ हा सरळ मार्ग आहे. त्यात धर्माची अट नाही आणि दोघेही भारतीय असावेत अशीही अट नाही. वराचे वय २१ व वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे आणि दोघांपैकी कोणाचाही पूर्वीचा विवाह अस्तित्वात नसावा. दोघांपैकी निदान एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस वास्तव्य असावे लागते. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यावर ती प्रसिद्ध केली जाते आणि ३० दिवसांत वैध हरकत न आल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. नोटिशीनंतर तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर नव्याने नोटीस द्यावी लागते. परदेशी व्यक्ती अविवाहित असल्याबद्दल तिच्या देशाच्या वकिलातीचे पत्र सामान्यतः मागितले जाते. म्हणून अल्प मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यांनी हे दिवस आधीच मोजून निघावे.

धार्मिक विधीने विवाह आधीच झाला असेल, तर त्याची याच अधिनियमाच्या कलम १५ खाली नोंदणी करता येते. साताऱ्याच्या त्या जोडप्याला हाच उपाय आहे. परदेशात विवाह करावयाचा असेल, तर विदेशी विवाह अधिनियम, १९६९ प्रमाणे भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर तो करता येतो. मात्र दोघांपैकी निदान एक जण भारतीय नागरिक असला पाहिजे.

परदेशी कार्यालयाचा विवाहदाखला भारतात वापरताना त्यावर त्या देशाचे 'अपोस्टिल' हे प्रमाणन लागते. भारत या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत २००५ साली सामील झाला. जे देश या व्यवस्थेत नाहीत, तेथील दाखले भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात.

दुसरी पायरी : व्हिसा आणि नोंदणी

विवाह झाला तरी परदेशी जोडीदार कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिकच राहतो. भारतात राहण्यासाठी त्याच्याजवळ वैध पारपत्र आणि वैध व्हिसा असणे अनिवार्य आहे. भारतीय नागरिकाच्या पतीला वा पत्नीला साधारणतः 'एक्स' वर्गाचा प्रवेश-व्हिसा दिला जातो. पर्यटक म्हणून येऊन येथे विवाह केलेल्या व्यक्तीलाही व्हिसाचा वर्ग बदलण्यासाठी अर्ज करता येतो; परंतु तो हातातील व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी केला पाहिजे. नोकरी स्वीकारण्यापूर्वी आपल्या व्हिसावर ती अनुज्ञेय आहे किंवा कसे, याची नोंदणी अधिकाऱ्याकडे खात्री करून घ्यावी.

परदेशी नागरिकांच्या प्रवेश, वास्तव्य व नोंदणीविषयीचे १९२०, १९३९ व १९४६ सालचे जुने कायदे आता रद्द झाले आहेत. त्यांच्या जागी आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने विहित मुदतीत नोंदणी करावयाची असते. मुंबईत यासाठी परदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालय आहे. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडून पाहिले जाते. बहुतेक अर्ज आता संगणकाद्वारे करता येतात. पत्ता बदलला किंवा पारपत्र नवे घेतले, तर तेही कळवावे लागते.

व्हिसाची मुदत संपल्यावर राहणे ही किरकोळ चूक नव्हे. नव्या अधिनियमात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहूनही गंभीर परिणाम मुलाच्या नागरिकत्वावर होऊ शकतो. तो पुढे पाहू.

नेपाळ व भूतानच्या नागरिकांना भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळे नेपाळी पत्नी ही भारतीयच आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तिला व्हिसाची सूट आहे. नागरिकत्वासाठी मात्र तिलाही इतरांप्रमाणेच अर्ज करावा लागतो.

तिसरी पायरी : मुलांचे नागरिकत्व

मुलाचे नागरिकत्व ठरविताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : जन्म कोठे झाला आणि केव्हा झाला. भारतात जन्मलेल्यांचे तीन काळ पडतात. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, काही अपवाद वगळता, आई-वडिलांचे राष्ट्रीयत्व कोणतेही असले तरी जन्माने भारतीय नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ पूर्वीपर्यंत जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय नागरिक असणे आवश्यक आहे. ३ डिसेंबर २००४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी दोघेही भारतीय असावेत. अथवा एक भारतीय असून दुसरा जन्माच्या वेळी 'अवैध स्थलांतरित' नसावा.

या शेवटच्या दोन शब्दांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. वैध कागदपत्रांशिवाय आलेली व्यक्ती तर अवैध स्थलांतरित असतेच. पण वैध व्हिसावर येऊन मुदत उलटल्यावर राहिलेली व्यक्तीही या व्याख्येत बसते. वर उल्लेखिलेल्या जर्मन सुनेचे उदाहरण पुन्हा घेऊ. तिच्या व्हिसाची मुदत मे महिन्यात संपली. बाळंतपण जवळ आले म्हणून घरच्यांनी नूतनीकरण लांबणीवर टाकले आणि जुलैमध्ये बाळ जन्मले. वडील भारतीय, जन्म भारतातील. तरीही त्या दोन महिन्यांच्या दिरंगाईमुळे बाळाच्या जन्मसिद्ध नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह लागते. व्हिसाचे नूतनीकरण वेळीच झाले असते, तर ते बाळ निर्विवादपणे भारतीय ठरले असते. घरात गरोदर परदेशी स्त्री असेल, तर तिच्या औषधपाण्याइतकीच व्हिसाच्या तारखेचीही काळजी घेणे किती गरजेचे आहे, हे यावरून दिसून येईल.

परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेने नागरिकत्व मिळू शकते. पूर्वी त्यासाठी केवळ वडिलांचे नागरिकत्व पाहिले जाई. १० डिसेंबर १९९२ पासून जन्मलेल्यांसाठी आईचे नागरिकत्वही ग्राह्य धरले जाते. म्हणजे भारतीय मातेचा परदेशी पतीपासून झालेला मुलगा वा मुलगीही आता भारतीय ठरू शकते. मात्र ३ डिसेंबर २००४ नंतरच्या जन्मांची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत करावी लागते. त्यानंतर केंद्र शासनाची परवानगी लागते. त्या मुलाजवळ अन्य देशाचे पारपत्र नाही, असे प्रतिज्ञापनही आई-वडिलांनी द्यावयाचे असते. अशा मुलाला जन्मामुळे दुसऱ्या देशाचे नागरिकत्वही लाभले असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते सोडले पाहिजे. अन्यथा भारतीय नागरिकत्व संपते.

भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. जर्मनीने २०२४ साली आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली, तरी त्यामुळे भारताचा नियम बदलत नाही. म्हणून मुलासाठी परदेशी पारपत्र काढण्यापूर्वी पालकांनी पूर्ण विचार करावा. भारतीय आणि परदेशी अशी दोन पारपत्रे एकाच वेळी बाळगता येत नाहीत.

ओसीआय कार्ड

प्रत्येक परदेशी जोडीदाराला आपल्या मूळ देशाचे नागरिकत्व सोडावेसे वाटेलच असे नाही. वृद्ध आई-वडील, वारसा, निवृत्तिवेतन अशी अनेक कारणे असतात. अशांसाठी ओसीआय कार्डाची सोय आहे. भारतीय नागरिकाचा किंवा ओसीआय कार्डधारकाचा परदेशी पती वा पत्नी त्यासाठी अर्ज करू शकते. विवाह नोंदलेला असावा आणि अर्जापूर्वी तो सलग दोन वर्षे टिकलेला असावा, अशी अट आहे. अर्जदाराची सुरक्षाविषयक पडताळणीही होते. स्वतः अर्जदार, त्याचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणी पाकिस्तानचे वा बांगलादेशाचे नागरिक असतील किंवा पूर्वी होऊन गेले असतील, तर हे कार्ड मिळत नाही.

या कार्डामुळे आयुष्यभर भारतात वारंवार ये-जा करता येते आणि पोलीस नोंदणीची गरज राहत नाही. परंतु नावातील 'नागरिक' या शब्दाने फसू नये. कार्डधारकाला मतदानाचा हक्क नाही, निवडणूक लढविता येत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. सुनेच्या नावे पाच एकर जमीन घेऊ पाहणाऱ्या सासऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. विवाहाच्या आधारे मिळालेले कार्ड विवाह संपुष्टात आल्यास रद्द होऊ शकते.

नोंदणीने नागरिकत्व

ज्यांना भारताचे नागरिकत्व घ्यावयाचे आहे, त्यांनी नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ५ खाली अर्ज करावा. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीचे भारतात सात वर्षांचे वास्तव्य लागते. त्याची मोजणी अशी : अर्जाच्या लगतपूर्वीचे पूर्ण बारा महिने भारतात आणि त्यापूर्वीच्या आठ वर्षांपैकी निदान सहा वर्षे भारतात. शेवटच्या बारा महिन्यांत परदेशी गेल्यास हिशेब बिघडतो. विशेष परिस्थितीत केंद्र शासन एकूण ३० दिवसांपर्यंतच सवलत देऊ शकते. माहेरी जावयाचे असेल, तर ते या वर्षापूर्वी उरकावे, हे उत्तम.

दुसराही एक मार्ग आहे. ज्याच्याजवळ पाच वर्षे ओसीआय कार्ड आहे आणि अर्जापूर्वी बारा महिने ज्याचे भारतात वास्तव्य झाले आहे, अशी सज्ञान व्यक्तीही अर्ज करू शकते. दोन्ही मार्गांत अर्जदार अवैध स्थलांतरित नसावा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो, चौकशी होते आणि अंतिम निर्णय केंद्र शासन घेते. मंजुरीनंतर राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते व पूर्वीचे नागरिकत्व सोडावे लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र हाती पडल्यानंतरच ती व्यक्ती भारतीय नागरिक होते.

लेक परदेशी जाताना

याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाशी आपल्या मुलीचा विवाह ठरविताना पुष्कळ पालक मुलाचा पगार विचारतात. पण मुलगी तेथे कोणत्या व्हिसावर आणि कोणत्या हक्काने राहणार, हे विचारीत नाहीत. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. जर्मनीत जाणाऱ्या पत्नीला, काही अपवाद वगळता, जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा आधी द्यावी लागते. अमेरिकेत विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वी निवासाचा हक्क मिळाल्यास तो प्रथम दोन वर्षांसाठी सशर्त असतो. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नीने मिळून ती अट काढण्याचा अर्ज करावयाचा असतो. पत्नीचा छळ होत असेल, तर तिला तो एकटीने करण्याचीही मुभा आहे. आखाती देशांत पत्नीचे वास्तव्य बहुधा पतीच्या परवान्यावर अवलंबून असते.

म्हणून विवाहापूर्वी वराचे पारपत्र, निवासाचा परवाना, नोकरीचे ठिकाण आणि वैवाहिक स्थिती यांची खात्री करावी. मुलीने आपले पारपत्र व विवाहाचे प्रमाणपत्र स्वतःजवळ ठेवावे आणि त्यांच्या प्रती माहेरी ठेवाव्यात. जवळच्या भारतीय वकिलातीचा पत्ताही तिला ठाऊक असावा. परदेशी न्यायालयाने एकतर्फी दिलेला प्रत्येक घटस्फोट भारतात मान्य होतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले आहे. घाबरून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी मुलीने सल्ला घ्यावा, हेच यातून ध्यानात घ्यावयाचे.

गावपातळीवर काय करावे

ग्रामपंचायतीने बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत होईल असे पाहावे. आई-वडिलांची नावे पारपत्रावरील अक्षरांप्रमाणेच लिहून घ्यावीत. नावातील एका अक्षराचा फरक पुढे प्रत्येक कार्यालयात आडवा येतो. जन्मदाखला हा जन्माच्या तारखेचा व स्थळाचा पुरावा आहे. तो नागरिकत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. परदेशी जोडीदाराचे नाव मतदारयादीत घालण्याचा आग्रह कोणीही धरू नये. विधानसभेच्या यादीवरूनच ग्रामपंचायतीची यादी तयार होते आणि त्यात भारतीय नागरिकालाच स्थान आहे. खोट्या प्रतिज्ञापनाचा ठपका त्या सुनेवरच येईल आणि पुढे तिचा नागरिकत्वाचा अर्ज अडेल.

शिक्षकांनी नोंदवहीतील राष्ट्रीयत्वाचा रकाना चेहऱ्यावरून, आडनावावरून किंवा अंदाजाने भरू नये. पालकांकडील कागद पाहावा. शंका असल्यास वरिष्ठांना विचारावे. मात्र तेवढ्यासाठी मुलाला वर्गाबाहेर ठेवू नये. पोलीस पाटील व महसूल कर्मचारी यांनी चौकशीसाठी येणाऱ्या अशा कुटुंबाकडे संशयाने न पाहता त्यांना योग्य कार्यालयाची वाट दाखवावी.

विवाहाची कायदेशीर नोंद, व्हिसाचे वेळेवर नूतनीकरण, जन्माची तत्काळ नोंदणी आणि वास्तव्याच्या वर्षांचा नीट हिशेब, या चार गोष्टी सांभाळल्या तर बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत. दूरदेशीहून आपल्या घरी आलेल्या माणसाला भाषा, अन्न आणि चालीरीती आपण आपुलकीने शिकवितोच. त्याच्या पारपत्रावरील तारीख त्याला वेळीच आठवून देणे, हेही त्याच आपुलकीचे काम आहे.